फुलांचे आणि मसाल्यांचे सरबत

(साक्षरता वर्गातील स्त्री-पुरुषांपुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी सरबताविषयी बोलणार आहे. विषय गोड आहे. पण त्यात एक कडू गोष्टही आहे. ती माझ्याच घरची आहे. ती आधी सांगते. मग सरबत कसे करावे ते सांगते.

आपला जालना जिल्हा मोसंबीचा. ‘जालना सोने का पालना’ अशी जुनी म्हण आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे काय? तर ‘जालन्याची मोसंबी’ हे नाव इथल्याच मोसंबीला लावता येते. नाव मोठे झाले. पण त्याच्या आधी, २०१२ साली पावसाने पाठ फिरवली होती. विहिरी आटल्या. लोकांनी टँकरने पाणी आणून झाडे जगवायची धडपड केली. तरी जिल्ह्यात कितीतरी बागा वाळल्या. पोरासारखी वाढवलेली झाडे सरपणासाठी तोडावी लागली.

आमचीही बाग गेली. दीडशे झाडे होती. आमचे मालक जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला गेले. घरी मी, सासूबाई आणि लेकरे. बांधावर काय उरले? गावठी गुलाबाची आठ झाडे. सांडपाण्यावर ती जगली होती. दाराशी एक जास्वंद आणि एक लिंबू.

माझ्या माहेरी गुलाबाचे सरबत होत असे. मी ठरवले, आपणही करू आणि विकू. बचत गटातून दोन हजार रुपये उचलले. साखर आणली. बाटल्या आणल्या. त्या वेळी मला अक्षर येत नव्हते. वजनकाट्यावरचे आकडेही वाचता येत नव्हते. सगळा कारभार अंदाजाने चालला.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, इतकी साखर कशाला ओततीस? निम्म्यानंसुद्धा गोड लागतंय की!”

मला ते पटले. मी साखर निम्मी केली. दुसरी चूक अशी, की फुले टँकरच्या गार पाण्यात भिजत घातली. पाणी उकळले नाही. तिसरी चूक, बाटल्या नुसत्या विसळल्या. चौथी चूक, कोणती बाटली कोणत्या दिवशी भरली ते लिहिले नाही. लिहिणार कसे?

अठरा-वीस दिवस झाले. एका रात्री घरात फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. मी दचकून उठले. बाटली फुटली होती. सकाळपर्यंत सात बाटल्या फुटल्या. उरलेल्यांची बुचे वर आली होती. उघडले की फसफस फेस येई. एका लग्नघराने बारा बाटल्या नेल्या होत्या. त्यांनी त्या परत आणून ओट्यावर ठेवल्या. काही बोलले नाहीत. ते न बोलणेच मला जास्त लागले.

एवढ्यावर भागले नाही. माझ्या पुतण्याने, चार वर्षांच्या लेकराने, त्यातले सरबत प्याले होते. त्याला जुलाब लागले. जाऊबाईंना वाटले, लेकरू गळून गेले आहे, गोड पाणी पाजावे, म्हणजे ताकद येईल. म्हणून तेच सरबत आणखी पाजले. संध्याकाळी लेकराचे डोळे खोल गेले. जीभ कोरडी पडली. रात्री दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टर म्हणाले, “बाई, पाण्यात किंवा बाटलीत घाण होती. आणि जुलाबात फार गोड पाणी पाजलं की जुलाब वाढतात. आणखी उशीर केला असता तर लेकरू हातचं गेलं असतं.”

लेकरू वाचले. आज ते शाळेत जाते. गटाचे कर्ज फेडायला मी दोन शेळ्या विकल्या. पण जाऊबाई पुष्कळ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे तरी काय चुकले? चूक माझी होती. त्या वर्षी मी साक्षरता वर्गात नाव घातले. आधी आकडे शिकले. मग अक्षरे शिकले. मग पुन्हा सरबत केले. तेव्हापासून माझी बाटली फुटलेली नाही.

आता ती रीत तुम्हाला सांगते.

सरबत ही जुनी गोष्ट आहे

सरबत हा शब्द अरबी भाषेतून आला. त्या भाषेत त्याचा संबंध पिण्याशी आहे. खोकल्याच्या औषधाला आपण ‘सिरप’ म्हणतो. तो शब्दही त्याच घरातला. गुलाब हा शब्द फारसी आहे. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब या शब्दाचा मूळ अर्थ फुलाचे पाणी! आपण ते नाव फुलालाच दिले.

आपल्याकडे सरबताच्या आधी पानक होते. त्यालाच आज आपण पन्हे म्हणतो. कैरीचे पन्हे चैत्रात घरोघर होते. दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ साली हमदर्द नावाचा दवाखाना काढला. रूह अफ्जा हे लाल सरबत त्याच दवाखान्यातून निघाले. आज ते देशभर विकले जाते. तेव्हा हे काम लहान समजू नका. एका दवाखान्यातून एवढे मोठे काम उभे राहिले.

साखर का लागते?

मंडळी, हा भाग नीट ऐका. यातच सगळे मर्म आहे.

आंबील करताना आपण पीठ भिजवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते आंबते. का आंबते? हवेत, पाण्यात आणि फुलांवर अतिशय बारीक जीव असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना पाणी मिळाले की ते वाढतात. गोड खातात आणि वायू सोडतात. आंबील आपल्याला आंबलेलीच हवी असते. सरबत मात्र आंबलेले नको. बंद बाटलीत वायू झाला की तो बाहेर जाऊ शकत नाही. मग बाटली फुटते.

साखर भरपूर असली की ती पाणी धरून ठेवते. त्या बारीक जीवांना पाणी मिळत नाही. ते वाढत नाहीत. लोणच्यात मीठ हेच काम करते. लोणच्यात मीठ कमी पडले तर बुरा येतो. सरबतात साखर कमी पडली तर फेस येतो. म्हणजे साखर नुसती गोडीसाठी नसते. ती राखणीलाही असते.

मग साखर किती घ्यावी? माप सोपे आहे. पाणी अर्धा लिटर, साखर एक किलो. म्हणजे वजनाने पाण्याच्या दुप्पट साखर. हे माप पाठ करा. वजनकाटा नसेल तर एकच पेला घ्या. फुलांचे गाळलेले पाणी २ पेले आणि साखर साडेचार पेले. पेला सपाट भरावा. शीग लावू नये.

यापासून साधारण सव्वा लिटरला थोडा कमी असा पाक होतो. हा पाक तसाच पिऊ नये. एका पेल्यात दोन मोठे चमचे पाक आणि वर गार पाणी, असे करावे. एवढ्या पाकात पस्तीस पेले सरबत होते.

कोणते फूल घ्यावे, कोणते घेऊ नये

गुलाब घ्यावा तो गावठी. गुलाबी रंगाचा, दाट पाकळ्यांचा, वासाचा. बाजारातला लांब दांड्याचा गुलाब दिसायला देखणा असतो. पण त्याला वास नसतो, आणि त्यावर औषध मारलेले असते. ते औषध आपल्या पोटात जाते. म्हणून विकतच्या हारांतली फुले घेऊ नयेत. देवाला वाहिलेली किंवा दर्ग्यावर चढवलेली फुलेही घेऊ नयेत. देवाचा मान वेगळा आणि पोटाची स्वच्छता वेगळी. ती फुले किती हातांतून गेली हे आपल्याला माहीत नसते.

लाल जास्वंद चालते. राजूरच्या गणपतीला आपण वाहतो तीच. पांढरा सुवासिक मोगरा चालतो. वाळ्याची मुळे चालतात.

आणि आता कान देऊन ऐका. कण्हेर विषारी आहे. पिवळी बिट्टी विषारी आहे. धोत्रा विषारी आहे. रुई विषारी आहे. घाणेरीचे फूलही नको. कण्हेरीच्या काडीने सरबत ढवळणेसुद्धा धोक्याचे. कण्हेरीचे गुलाबी फूल लहान लेकराला गुलाबासारखे वाटते. म्हणून फुले तोडायला लेकरांना एकटे पाठवू नका. ज्या फुलाची पक्की ओळख नाही, ते फूल भांड्यात घालायचे नाही. शेजारीण म्हणाली म्हणून नाही, आणि कुणी फोनवर दाखवले म्हणूनही नाही.

भांडी आणि बाटल्या

भांडे स्टीलचे घ्यावे. पितळेचे भांडे कल्हई नसेल तर घेऊ नये. लिंबाच्या आंबटाने ते कळकते, आणि कळकलेले पोटाला बाधते.

बाटल्या काचेच्या घ्याव्यात. आधी साबणाने धुवाव्यात. मग मोठ्या पातेल्याच्या तळाला फडके घालावे. त्यावर बाटल्या ठेवून गार पाणी भरावे. पाण्याला उकळी आली की पंधरा मिनिटे उकळू द्यावे. बुचेही उकळावीत. मग बाटल्या स्वच्छ फडक्यावर उपड्या ठेवून कोरड्या कराव्यात. आत पाण्याचा थेंब राहू देऊ नये.

पाणी टँकरचे असो, विहिरीचे असो की नळाचे असो, ते गाळून उकळावेच. उकळी आल्यावर पाच मिनिटे ठेवावे.

गुलाबाचे सरबत

फुले पहाटे तोडावीत. दव सुकले पण ऊन चढले नाही, ती वेळ चांगली. ऊन चढले की वास उडून जातो.

पाकळ्या सोडवाव्यात. पाकळीच्या बुडाशी पांढरा भाग असतो. तो कडवट असतो. कात्रीने तो काढून टाकावा. किडे-मुंग्या झटकाव्यात. पाकळ्या दोन वेळा हलक्या हाताने धुवाव्यात.

१०० ग्रॅम पाकळ्या घ्याव्यात. पाऊण लिटरला थोडे कमी पाणी उकळावे. भांडे चुलीवरून उतरवून पाकळ्या त्यात टाकाव्यात. लगेच झाकण ठेवावे. झाकण महत्त्वाचे आहे. वाफेबरोबर वास जातो. चार तास तसेच राहू द्यावे. पाकळ्या फिकट होतात आणि पाण्याला रंग येतो.

मग स्वच्छ धुतलेल्या पातळ फडक्यातून गाळावे. आता पाणी मोजावे. अर्धा लिटर भरले पाहिजे. कमी असेल तर उकळलेले पाणी घालावे. जास्त असेल तर तेवढे काढून ठेवावे. पुष्कळ जणी इथे चुकतात. सुरुवातीला मोजतात, पण गाळल्यावर मोजत नाहीत. पाकळ्या पाणी पितात. म्हणून गाळल्यावर मोजणे हेच खरे माप.

त्यात एक किलो साखर घालावी. मंद आचेवर ढवळावे. साखर विरघळली की एका मोठ्या लिंबाचा रस गाळून घालावा. रस घातला की एक गंमत होते. फिकट पाणी पाहता पाहता छान गुलाबी होते. आंबटाने फुलाचा रंग खुलतो. लिंबाचे दुसरेही काम आहे. त्याने साखर बाटलीत पुन्हा खड्यासारखी बसत नाही.

एक उकळी आली की मळी काढावी आणि भांडे उतरवावे. फार उकळू नये. लाडवाच्या पाकासारखी तार येऊ देऊ नये. तार आली तर बाटलीत साखरेचे खडे होतात. बोटांना चिकट लागले की पुरे.

पाक गरम असतानाच बाटलीत भरावा. बाटलीही कोमट असावी, नाहीतर काच तडकते. दोन बोटे जागा सोडून बूच घट्ट लावावे.

रंग घालायचा मोह होतो. रंगपंचमीचा रंग कधीही घालू नये. तो पोटात घालायचा रंग नव्हे. जास्त गुलाबी हवे असेल तर पाकळ्या भिजवताना बिटाची एक पातळ चकती टाकावी. तेवढे पुरते.

जास्वंद, मोगरा आणि वाळा

जास्वंदीची वीस-पंचवीस लाल फुले घ्यावीत. हिरवा देठ आणि मधला तुरा काढावा. नुसत्या पाकळ्या उकळत्या पाण्यात घालून अर्धा तास झाकाव्यात. पाणी जांभळे-काळपट होते. घाबरू नका. लिंबू पिळले की लाल होते. पुढची कृती गुलाबासारखीच. गरोदर बाईने आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्वंदीचे सरबत घेऊ नये.

मोगऱ्याचा वास नाजूक असतो. तो उकळत्या पाण्याला टिकत नाही. म्हणून पाणी आधी उकळून झाकून गार करावे. संध्याकाळी दोन ओंजळी उमलती फुले धुऊन, हिरवा भाग काढून त्यात घालावीत. भांडे झाकून ठेवावे. सकाळी गाळावे. मग साखर, लिंबू आणि एकच उकळी.

वाळ्याची मूठभर मुळे माती जाईपर्यंत पाच-सहा वेळा धुवावीत. उकळून कोमट केलेल्या पाण्यात रात्रभर ठेवावीत. सकाळी फडक्याच्या दोन पदरांतून गाळावे. माठात वाळा घालतो तोच वास सरबताला येतो.

मसाल्याचे सरबत

फुले बारा महिने नसतात. मसाला मात्र डब्यात असतो.

वेलदोडे १५, मिरी १०, दालचिनीचे बोटभर लांबीचे २ तुकडे आणि आले ५० ग्रॅम घ्यावे. वेलदोडे आणि मिरी भरड कुटावी. पूड करू नये. पूड फडक्यातून खाली उतरते आणि सरबत गढूळ होते. आले धुऊन किसावे. सगळे पाऊण लिटर पाण्यात झाकण ठेवून दहा मिनिटे मंद उकळावे. मग अर्धा तास मुरू द्यावे. गाळावे. पाणी मोजून अर्धा लिटर करावे. साखर एक किलो आणि एका लिंबाचा रस घालावा. एक उकळी आली की उतरावे.

बडीशेपेचेही असेच होते. चार मोठे चमचे बडीशेप भरड करून घ्यावी.

गूळ घातला तर चालतो का? मसाल्याला चालतो. आले-मिरीला गुळाची चव साजते. गुलाबाला चालत नाही. गुळाच्या वासाखाली फुलाचा वास दबतो. आणि गुळाचे सरबत साखरेइतके टिकत नाही. ते थोडेच करावे आणि आठवड्यात संपवावे.

आपली मोसंबी

मोसंबी हे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिक देशावरून आले असे मानतात. एवढ्या लांबून आलेले फळ आज आपल्या जिल्ह्याची ओळख झाले आहे. भाव पडला की आपण म्हणतो, याचे सरबत करून ठेवू. पण मोसंबीची एक खोड आहे. रस काढून ठेवला किंवा तापवला की तो कडू होतो. बिया आणि पांढरी साल चुरडली तर आणखी कडू. म्हणून मोसंबीचा रस ताजाच प्यावा.

मग करायचे काय? तिची साल वापरावी. बिनफवारणीची चार मोसंबी कोमट पाण्यात चोळून धुवावीत. वरची हिरवी-पिवळी साल अगदी पातळ किसावी. पांढरा भाग येऊ देऊ नये. सगळा वास त्या वरच्या सालीतच असतो. गरम पाण्यात ही साल आणि दालचिनीचा एक तुकडा पंधरा मिनिटे झाकून ठेवावा. गाळावे. पुढे नेहमीचेच माप. हा पाक बाटलीत राहतो. पाहुणा आला की ताजी मोसंबी पिळावी आणि त्यात एक चमचा पाक घालावा.

चिठ्ठी आणि हिशेब

आता आपल्या वर्गाचे काम. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावायची. तीवर तीन गोष्टी लिहायच्या: काय आहे, कोणत्या तारखेला भरले, कधीपर्यंत वापरावे. बंद बाटली गार, अंधाऱ्या जागी ठेवून तीन महिन्यांत संपवावी. उघडलेली बाटली महिन्यात संपवावी. ओला चमचा आत घालू नये. फेस आला, बूच उचलले, आंबूस वास आला किंवा बुरा दिसला, तर ते सरबत ओतून टाकावे. चाखून पाहू नये. उकळून पुन्हा वापरू नये.

पैसे गेले तर मागून मिळतात. लेकराचा जीव पुन्हा मिळत नाही. हे मी ऐकून सांगत नाही.

विकायचे असेल तर हिशेब मांडा. समजा, साखर ४५ रुपये, सरपण १५, लिंबू ५, दोन बाटल्या आणि बुचे ३५. झाले १०० रुपये. आता आपली मजुरी? ती बायका धरतच नाहीत. फुले तोडली, निवडली, गाळली, बाटल्या उकळल्या. समजा ६० रुपये धरले. झाले १६०. दोन बाटल्या भरल्या. म्हणजे एक बाटली ८० रुपयांना पडली. ती तुम्ही ७० ला विकली तर हातात पैसे येतात आणि वाटते की फायदा झाला. खरे तर बाटलीमागे १० रुपयांची आपली मजुरी आपणच बुडवली. आकडा कागदावर लिहिला की हे दिसते. तोंडी हिशेबात दिसत नाही.

विकण्यासाठी सरकारी नोंदणी लागते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ साली झाला. त्याखाली लहान धंद्याचीही नोंद करावी लागते. जालन्याजवळ खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे जाऊन फळ-प्रक्रियेची चौकशी करावी. विचारायला लाजू नये.

सरबत म्हणजे औषध नव्हे

शेवटची गोष्ट. सरबताच्या एका पेल्यात पाच-सहा चमचे साखर जाते. ज्याला मधुमेह आहे त्याने ते पिऊ नये. लेकरांनाही रोज देऊ नये. सणाला, पाहुण्याला, उन्हातून आल्यावर एखादा पेला पुरे.

लेकराला जुलाब झाले तर सरबत पाजू नये. दवाखान्यातली जीवनरक्षक पुडी, म्हणजे ओआरएस, द्यावी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. थोडे थोडे पाजावे. यापेक्षा जास्त साखर घालू नये आणि जास्त मीठही घालू नये. आणि दवाखान्यात न्यावे.

वैशाखात रानात कुणाला ऊन लागले, अंग तापले, बोलणे बरळल्यासारखे झाले, तर सरबत शोधत बसू नका. सावलीत न्या. कपडे सैल करा. अंग ओले करा, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका. १०८ नंबरला फोन करा.

भगिनींनो, गेल्या उन्हाळ्यात जाऊबाईंच्या लेकीचा साखरपुडा झाला. जाऊबाई आदल्या दिवशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “गुलाबाचं दे दहा बाटल्या.” मी बाटल्या पुढे केल्या. त्यांनी एक बाटली हातात घेतली. चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि बोट ठेवून तारीख वाचली. त्याही आता वर्गात येतात. तारीख वाचून झाली, मग त्यांनी बाटली पिशवीत घातली.

मला त्याचा राग आला नाही. असेच वाचून घ्यावे. तुम्हीही घ्या. माझी बाटली असली तरी वाचून घ्या.

एवढे बोलून मी थांबते.

लक्षात ठेवा

१. गाळलेले पाणी अर्धा लिटर, साखर एक किलो.
२. पाणी उकळा. बाटली उकळा.
३. ओळखीचे फूल, घरचे फूल, बिनऔषधाचे फूल.
४. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, रुई, घाणेरी: ही नकोत.
५. प्रत्येक बाटलीवर तारीख लिहा.
६. फेस आला तर ओतून टाका.

उत्तरे लिहा

१. सरबतात साखर कमी पडली तर काय होते?
२. पाणी गाळल्यावर पुन्हा का मोजावे?
३. तुमच्या घराजवळ कोणती विषारी फुलझाडे आहेत? त्यांची नावे लिहा.
४. एका बाटलीला ८० रुपये खर्च आला. ती ९५ रुपयांना विकली. दहा बाटल्यांवर किती फायदा झाला?